अडीचशे शब्दांत

शीर्षक: कमाल बारा शब्द, असं फॉर्म म्हणतो.
मी लिहिते, मायक्रोफिल्मचं शेवटचं यंत्र आणि एनॉस कीपिंग.
खोडते.
परिषदेच्या शीर्षकात मधोमध विसर्ग लागतो,
म्हणजे ते दोन ठिपके. अलीकडे काही चटकदार,
पलीकडे जे कुणी वाचत नाही ते.
बावीस वर्षं ग्रंथालयात काढून
हे दोन ठिपके मला अजून नीट बसवता येत नाहीत.

कॉर्नर ब्रूकला रात्रीचे साडेअकरा.
बर्फ लोटणारी गाडी टेकडी चढते, तिचा पिवळा दिवा
छतावर फिरून जातो. चहा गार. मांजर
सूचनांच्या छापील पानावर.
तिच्या शेपटीखालची चौथी सूचना:
प्रस्ताव कुणाचा, हे परीक्षकांना कळता कामा नये,
म्हणून विद्यापीठाचं नाव काढा, गावाचं काढा,
माणसांची तर काढाच.
मग एनॉस कीपिंग होतो "एक बाह्य वापरकर्ता, वय ७९",
बर्जिओ होतं "किनाऱ्यावरची एक वस्ती",
आणि त्याचा भाऊ, बोटीवरून परत न आलेला,
तो कुठल्याच रकान्यात मावत नाही.

दर मंगळवारी येतो. पायपुसण्यावर
ओले बूट बराच वेळ घासतो, टोपी खिशात कोंबतो,
एकसष्ट सालच्या नोव्हेंबरचं रीळ मागतो.
मी ओवून देते. त्याच्या बोटांना ती फट आता सापडत नाही.
एक तारखेपासून वाचतो: कॉडचे भाव,
चर्चमधलं रात्रीचं जेवण, हरवलेली गाय, वारा.
आठ तारखेच्या शेवटच्या स्तंभापाशी थांबतो.
"आजच्यापुरतं पुरे, पोरी," म्हणतो, "गुंडाळ."
मला वाटायचं, डोळे थकतात.
मग एकदा रीळ पुसताना उजेडापुढे धरलं:
आठपर्यंत फिल्म चरे पडून पांढुरकी,
नऊपासून नवीकोरी.

हे सगळं लिहिलं. तीनशे बारा शब्द झाले.
खाली विचारलंय: सत्राअखेर श्रोते काय करू शकतील?
तीन मुद्दे. क्रियापदं मोजता येण्याजोगी हवीत.
"समजतील" चालत नाही.
मी लिहिलं: श्रोते यंत्र मोडीत काढण्याआधी
त्याच्यापुढची खुर्ची कुणाची, हे विचारतील.
मग गाय काढली. जेवण काढलं. ओले बूट काढले.
दोनशे एकावन्न.
"फक्त" काढला. वाक्य जरा खोटं झालं, पण बसलं.

मुदत मध्यरात्रीची, पण टोरांटोच्या.
आमचं घड्याळ त्यांच्यापेक्षा दीड तास पुढे,
त्यातल्या अर्ध्या तासाची सगळा देश चेष्टा करतो.
मला तो कधी नव्हे ते उपयोगी पडला.
एक वाजून सव्वीस मिनिटांनी बटण दाबलं.
पोच लगेच आली: या पत्राला उत्तर देऊ नये.

एप्रिलमध्ये निकाल. पहिला परीक्षक: "हृद्य."
दुसरा: "वापरकर्ता एकच? नमुना फारच लहान.
इतर संस्थांना याचा उपयोग काय?"
सत्र नाही. पोस्टर. तीन फूट बाय चार,
कॉफीच्या टेबलाशेजारी दीड तास उभं राहायचं,
मंगळवारी.

मंगळवारी.

म्हणून लॉर्न स्नूकला ओवायला शिकवतेय.
डावीकडून, चकतीखालून, मग दोन काचांच्या मधून.
दोनदा जमलं, तिसऱ्यांदा अख्खा नोव्हेंबर जमिनीवर.
"आणि थांबवायचं कुठे?" गुडघ्यांवर बसून तो विचारतो.
तू नाही थांबवायचं, मी म्हणते. ते सांगतील.
तू फक्त गुंडाळ.